दार ठेवलं, खोली नेली

दुरुस्तीवाला: डबा कुठे आहे म्हणालात?

ताई: जिन्याखालच्या कपाटात. दिवा लागलेला आहे, सकाळीच दाराच्या फटीतून पाहिलं. हिरवा, लुकलुकणारा. म्हणजे सर्व्हर मेला असेल, पण डबा धडधाकट आहे.

दुरुस्तीवाला: दिव्यावरून तब्येत कळत नाही, मॅडम. या सर्व्हरचाही दिवा अजून लागलेलाच आहे.

ताई: पण मेलाय हे नक्की?

दुरुस्तीवाला: आतली डिस्क गेली. सुरुवातीचा थोडा भाग वाचता येतोय, सेटिंग वगैरे दिसतात. पण ग्राहकांच्या फाइलींकडे वळलं की नुसती खरखर. किती होत्या?

ताई: चार हजार दोनशे माणसांचे पाय. प्रत्येकी दोन. काहींचा एकच.

दुरुस्तीवाला: म्हणजे फोटो?

ताई: फोटो कसले? दारावरची पाटी वाचली नाही वाटतं तुम्ही. ज्यांना दुकानातला बूट होत नाही, त्यांचे बूट करतो आम्ही. एक पाय आखूड, टाच वळलेली, बोटं गेलेली, साखरेनं तळवा बधिर झालेला. माणूस त्या काचेवर उभा राहतो, यंत्र चहूबाजूंनी पावलाचा आकार घेतं, पायाची उंची घेतं, आणि ते सगळं सर्व्हरमध्ये जातं. त्यावरून साचा, साच्यावर बूट.

दुरुस्तीवाला: मग एवढं काय घाबरायचं? सगळ्यांना परत बोलवा, परत काचेवर उभं करा. पाय काही कुठे जात नाहीत.

ताई: मोठ्यांचे जात नाहीत. वाढत्या मुलांचे जातात. चिमणी म्हणून एक मुलगी आहे, नऊ वर्षांची. उजवा पाय डाव्यापेक्षा हळू वाढतो. पाच वर्षांची होती तेव्हापासून दर चार महिन्यांनी आम्ही तिचं माप घेतो, बुटाची उंची वाढवतो. आज चार वाजता तिचे हाडांचे डॉक्टर ऑपरेशन कधी करायचं ते ठरवणार आहेत. घाई केली तर फरक भरून निघत नाही, उशीर केला तर वेळ निघून जाते. परवा त्यांनी स्वतः फोन केला. म्हणाले, एक्स-रे माझ्याकडे वर्षाला एक आहे, मधले महिने तुमच्याकडे आहेत, तक्ता पाठवा, तो पाहिल्याशिवाय मी तारीख देणार नाही. आता आज तिला उभं केलं तर आजचा पाय मिळेल. दोन वर्षांपूर्वीच्या पायावर तिला कशी उभी करू?

दुरुस्तीवाला: बरं. मग डबा काढू या. कुणी बसवलाय?

ताई: माझ्या धाकट्या भावानं. तुम्ही त्याला काय म्हणता?

दुरुस्तीवाला: नॅस. नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा. डबा म्हटलं तरी त्याला राग येत नाही.

ताई: धाकटा म्हणायचा, सर्व्हर म्हणजे दुकान आणि डबा म्हणजे गोदाम. रोज पहाटे सर्व्हर आपल्याजवळचं सगळं त्यात ओततो आणि मला मेल पाठवतो, बॅकअप यशस्वी. तो मी चहाबरोबर वाचते. वर्तमानपत्र बंद केलं त्यापायी. दिवसाला एवढी एक चांगली बातमी पुरते.

दुरुस्तीवाला: डब्याआधी काय होतं?

ताई: प्लास्टरचे साचे. वडिलांनी हातानं काढलेले, तीन हजारांच्या वर. मागची अख्खी खोली भरली होती. धाकट्यानं ते एकेक स्कॅन केले आणि म्हणाला, आता फोडू या, जागा मोकळी होईल. तीन दिवस हातोडे चालले. बाबा वर गॅलरीत बसून होते, चौथ्या दिवशी खाली आले आणि एवढंच म्हणाले की केर नीट काढा, पायात टोचेल. ही घ्या किल्ली. दारासमोरचे चामड्याचे गठ्ठे सरकवावे लागतील, धाकटा गेल्यापासून कुणी ते उघडलेलं नाही.

दुरुस्तीवाला: गेल्यापासून? माफ करा हं, मला माहीत नव्हतं.

ताई: अहो, जिवंत आहे. नोकरीला गेलाय, दोन तासांवरच्या शहरात, फर्निचरच्या कंपनीत. अकरा महिने झाले. मला म्हणाला, ताई, जन्मभर लोकांचे पाय बघून वीट आला. मी म्हटलं जा बाबा. आज सर्व्हर बोलेना तेव्हा पहिला फोन त्यालाच लावला. निघतोच म्हणाला.

दुरुस्तीवाला: मॅडम.

ताई: मिळाला?

दुरुस्तीवाला: राउटर मिळाला.

ताई: आणि?

दुरुस्तीवाला: आणि पाण्याचा मीटर.

ताई: अहो, बाजूला बघा. राखाडी रंगाचा आहे, बुटाच्या खोक्याएवढा.

दुरुस्तीवाला: बाजूला बुटाच्या खोक्याएवढा चौकोन आहे. आजूबाजूला जाड धूळ, चौकोनात पातळ. केबल काढून, गुंडाळून, वर रबरबँड लावून ठेवलीय. काम मात्र नीटनेटकं आहे.

ताई: मग तो दिवा?

दुरुस्तीवाला: राउटरचा. तो बिचारा इंटरनेट इकडून तिकडे देतो. त्याच्या लक्षात काही राहत नाही.

ताई: म्हणजे चोरी झाली.

दुरुस्तीवाला: कुलूप शाबूत होतं. आणि चोर केबलला रबरबँड लावत नाही.

ताई: थांबा. डबाच नाही तर मला रोज मेल कसा येतो? हा बघा, कालचा. बॅकअप यशस्वी. हा परवाचा. यशस्वी. अकरा महिन्यांत एक दिवस चुकलेला नाही. माझ्याकडच्या माणसांपैकी एवढा नियमित कुणी नाही.

दुरुस्तीवाला: बसा जरा, सांगतो. डबा सर्व्हरला जोडतात तेव्हा सर्व्हरवर एक रिकामं फोल्डर करतात. ते म्हणजे दार. दारातून आत टाकलं की माल डब्यात पडतो. इथे कुणीतरी खोली नेली आणि दार तसंच ठेवलं. सर्व्हर रोज दार उघडायचा, माल आत टाकायचा, तो पडायचा त्याच्याच अंगणात. त्याच्याच डिस्कवर. आणि काम झालं म्हणून तो तुम्हाला कळवायचा.

ताई: म्हणजे रोज या खिशातलं काढून त्या खिशात ठेवायचा.

दुरुस्तीवाला: आणि आज कोट जळाला.

ताई: त्याला एवढंही कळत नाही की आत खोली नाही?

दुरुस्तीवाला: सांगितलं तर कळतं. टाकण्याआधी डबा आहे का बघ, नसेल तर बोंब मार, अशी एक ओळ घालावी लागते. ती घातलेली दिसत नाही. आणि मेलमध्ये ‘यशस्वी’च्या खाली किती वेळ लागला तेही येतं. हे पाहिलंत कधी? गेल्या ऑगस्टपर्यंत एक तास पन्नास मिनिटं. एकोणीस ऑगस्टपासून सहा मिनिटं.

ताई: पाहिलं होतं. मला वाटलं, आता हात बसला त्याचा.

दुरुस्तीवाला: हं.

ताई: हसू नका.

दुरुस्तीवाला: हसत नाही. अशी समजूत करून घेणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. एका बँकेतही हेच ऐकलंय.

ताई: अठरा ऑगस्टला त्याचा निरोपसमारंभ होता. इथेच, या टेबलावर. सगळे कारागीर होते. मी स्वतः शिवलेला बुटांचा जोड त्याला दिला, भाषण केलं, आणि भाषणात रडले. संध्याकाळी सगळे गेले तर हा म्हणाला, ताई, तू वर जा, दमलीस, मी आवरून कुलूप लावतो.

दुरुस्तीवाला: आवरलं खरं त्यांनी.

ताई: घाईनं काही बोलू नका. दुरुस्तीला नेला असेल. माझ्या लक्षात नसेल.

दुरुस्तीवाला: असेल. अजून एक दाखवू का? सेटिंगमध्ये दिसतंय. हा यशस्वीवाला मेल दोन पत्त्यांवर जातो. एक तुमचा. दुसरा हा. ओळखता?

ताई: हो.

दुरुस्तीवाला: कुणाचा?

ताई: आला बघा तो.

धाकटा: ताई, काय झालं गं? फोनवर तुझा आवाज ऐकून मी तसाच निघालो. रस्त्यावर ही गर्दी, नाहीतर अजून लवकर आलो असतो.

ताई: यापेक्षा लवकर? साडेनऊला फोन ठेवलास, आता दहा वाजून पाच मिनिटं झालीत. दोन तासांचं शहर पस्तीस मिनिटांवर आलं. कंपनीनं विमान दिलंय का?

धाकटा: म्हणजे, मी आज योगायोगानं इकडेच होतो.

ताई: हात दाखव.

धाकटा: आं?

ताई: हात. लहानपणी जेवायच्या आधी दाखवायचास तसे. हा पिवळा गोंद तळवा चिकटवायचा आहे. खुर्चीला लावतात का तो? आणि नखात हे पांढरं काय आहे?

धाकटा: ताई, तू आधी बस.

ताई: हे मला आज सगळेच सांगताहेत. बसून कळायचं ते उभ्यानंही कळतं. डबा कुठे आहे?

धाकटा: कुठला डबा?

दुरुस्तीवाला: बुटाच्या खोक्याएवढा, साहेब. राखाडी. त्याचा चौकोन अजून आहे.

धाकटा: हे कोण?

ताई: सर्व्हर दुरुस्त करायला आलेत. तुला कोण हवं होतं? डबा.

धाकटा: आहे. माझ्याकडे आहे. एकदम सुरक्षित आहे, चालू आहे, तू काळजी करू नकोस.

ताई: तुझ्याकडे म्हणजे कुठे?

धाकटा: नदीपलीकडे. म्हणजे, पुलाच्या त्या बाजूला एक गाळा घेतलाय मी.

ताई: खुर्च्यांचा?

धाकटा: नाही.

ताई: बोल ना. तुझ्या तोंडून ऐकू दे.

धाकटा: बुटांचा. आपल्यासारखेच. किती दिवस सांगणार होतो तुला.

ताई: दिवस मी सांगते. तीनशे तीस झाले.

धाकटा: ताई, मला वेगळं काहीतरी करून बघायचं होतं. इथे प्रत्येक साचा तुला दाखवायचा, तू त्यावर बोट फिरवणार आणि म्हणणार, टाच बघ परत. चाळीस वर्षांचा झालो तरी टाच बघ परत.

ताई: टाच चुकायची म्हणून म्हणायचे. तू म्हणाला असतास की ताई, मला माझं दुकान काढायचंय, तर मी काय केलं असतं?

धाकटा: रडली असतीस.

ताई: तशीही रडलेच की. भाषणात, सगळ्यांसमोर. तू शेजारी उभा राहून माझ्या पाठीवरून हात फिरवत होतास. आणि दोन तासांनी जिन्याखाली बसून केबल गुंडाळत होतास.

धाकटा: मी डबा नेणारच नव्हतो. फक्त कॉपी घेणार होतो. पण कॉपी करायला लागले असते अडीच दिवस आणि माझ्याकडे होती एक संध्याकाळ. म्हटलं, घरी नेऊन कॉपी करू आणि रविवारी परत आणून ठेवू. रविवारी तू घरी होतीस. पुढच्या रविवारीही होतीस.

ताई: मी इथे राहते.

धाकटा: तेच ना.

दुरुस्तीवाला: मॅडम, मी बाहेर थांबू का? माझं काम तसं झालंय. म्हणजे, होण्यासारखं नाही एवढं कळलंय.

ताई: थांबा तुम्ही. हा यंत्रातलं काही बोलला तर खरं की खोटं मला कोण सांगणार? आता मला एवढंच सांग. डबा नेल्यावर मेल येत राहणार, हे तुला माहीत होतं?

धाकटा: तेव्हा नव्हतं माहीत. मला वाटलं, डबा नाही म्हटल्यावर चूक दाखवेल, तुला मेल जाईल, तू मला फोन करशील आणि मग काय ते होऊन जाईल. मी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन हातात घेऊन बसलो होतो.

ताई: आणि आला मेल. यशस्वी.

धाकटा: हो.

ताई: तुलाही.

धाकटा: हो.

ताई: तिसऱ्या दिवशीही. मी इथे चहा घेत होते आणि तू पुलापलीकडे बहुधा चहाच घेत होतास. दोघांच्या हातात एकच मेल. मला वाटायचं सगळं जागेवर आहे, आणि तुला ठाऊक होतं की काही जागेवर नाही. किती दिवस वाचलास?

धाकटा: आठवडाभर. मग वाचवेना. मग मी असं केलं की तो मेल आला की आपोआप बाजूच्या फोल्डरात जाईल, समोर येणारच नाही.

ताई: म्हणजे सेटिंग बदललंस. माझ्या सर्व्हरचं नाही, तुझ्या मेलचं.

दुरुस्तीवाला: ते दोन मिनिटांचं काम आहे. ती एक ओळ घालणं हेही दोनच मिनिटांचं होतं.

धाकटा: तुम्ही जरा गप्प बसता का?

ताई: बोलू दे त्यांना. आज सकाळपासून मला खरं सांगणारे तेवढेच आहेत. अरे, दुकान काढलंस, काढ. गिऱ्हाइकं नेलीस, तीही एक वेळ ने, पाय त्यांचे आहेत, कुठे चालायचं ते त्यांनी ठरवावं. पण मी गाढ झोपलेय आणि अंगाखालचं घर नाहीसं झालंय, हे तुला रोज सकाळी कळत होतं, आणि तू ते कळूच नये अशी सोय केलीस. केसानं गळा कापतात म्हणतात, तो असा.

धाकटा: तुझी डिस्क जाईल असं कुणाला वाटलं होतं?

ताई: जाते म्हणून तर डबा होता. तूच समजावलं होतंस, साचे फोडताना.

धाकटा: चुकलो, ताई. खरंच चुकलो. पण एक विचार कर, मी नेला म्हणून तो वाचला. ऑगस्टपर्यंतचा प्रत्येक पाय आहे त्यात.

ताई: हे बाकी खरं. चोरीला गेलं तेवढंच शिल्लक राहिलं. मी जपलेलं सगळं गेलं. का हो, असं होतं का कधी?

दुरुस्तीवाला: खरं सांगू? दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. कुणी ऐकत नाही. साहेबांनी ऐकलं, पण न सांगता.

ताई: चिमणीची मापं आहेत त्यात?

धाकटा: असणारच. सुरुवातीपासूनची नऊ.

ताई: दहावं मी ऑक्टोबरमध्ये घेतलं होतं. ते गेलं. त्यानंतर फेब्रुवारीत तिची आई आली नाही म्हणून मी फोन केला. ती म्हणाली, अहो, झालं की माप, तुमच्या शाखेत. मी म्हटलं, बाई, आमची कुठे शाखाबिखा नाही. तर म्हणते, नवीनच आहे, तुम्हाला माहीत नसेल. माझ्या दुकानाची बातमी मला माहीत नसेल. मला वाटलं हिचा काहीतरी घोळ झालाय, आणि मी तिला चढ्या आवाजात समजावलं. जूनमध्येही ती आली नाही. मला वाटलं, आपण बोललो म्हणून रागावली. गेला महिनाभर मी तेच मनात घेऊन बसलेय. तू खाली का बघतोयस?

धाकटा: ती माझ्याकडे आली होती. दोन्ही वेळा.

ताई: तिला तुझा पत्ता कुणी दिला?

धाकटा: मीच फोन केला. डब्यात नंबर होते.

ताई: आणि शाखा म्हणून सांगितलंस?

धाकटा: सांगितलं नाही. त्यांना तसं वाटलं. मी ताईचा भाऊ आहे, एवढंच म्हणालो. ते काही खोटं नाही.

ताई: नाही, ते खोटं नाही. तेच तर दुःख आहे.

धाकटा: पण ताई, बरंच झालं ना? फेब्रुवारी आणि जून माझ्याकडे आहेत. चिमणीचे तर मी प्लास्टरचे साचेही काढून ठेवलेत. माझ्याकडे तीच पद्धत आहे आता. स्कॅन झाला की प्लास्टरचाही साचा घ्यायचा. दोन्ही ठेवायचं. यंत्राचा काय भरवसा?

ताई: म्हणजे माझे फोडायला लावलेस आणि तुझे घडवतोयस.

धाकटा: त्यातूनच शिकलो ना.

ताई: थांब. प्लास्टर तुला कधी कालवता आलं नाही. तुझ्या हातचं एकतर गुठळ्या होतं, नाहीतर पायावरच फुटतं. लहान मुलीच्या पायावरून न दुखवता साचा काढणं माझ्यानं होत नाही, ते एकाच माणसाला जमतं. कोण काढतं तुझे साचे?

धाकटा: ताई, सोड ना.

ताई: कोण काढतं?

धाकटा: मंगळवारी येतात फक्त.

ताई: मंगळवारी ते फिरायला जातात. तीन तास. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून. दमून येतात, मी गरम पाणी काढून देते पाय बुडवायला. गेल्या महिन्यात त्यांच्यासाठी मऊ तळव्याचे बूट केले, म्हटलं, या वयात एवढं चालतात.

धाकटा: त्यांनाही तुला सांगायचं होतं गं. ते म्हणाले, ती चिडेल, थोडे दिवस जाऊ देत. आणि त्यांना हातात प्लास्टर हवं होतं. ते साचे फोडले त्या दिवसापासून त्यांना काही काम नव्हतं. तुझ्या लक्षात आलं होतं का?

ताई: नव्हतं आलं. ते मान्य आहे. ते वेगळं माझ्या नावावर मांड. वरच्या खोलीत आहेत ते आत्ता, सकाळपासून. मी ओरडून सांगितलं, बाबा, सगळे पाय गेले, तर वरून म्हणाले, मिळतील गं. मला वाटलं, धीर देताहेत.

दुरुस्तीवाला: मॅडम, चारची वेळ आहे तुमची. साडेदहा होत आले.

धाकटा: मी आत्ता जातो आणि डबा घेऊन येतो. पाऊण तासात इथे जोडून देतो. तुझा डबा तुझ्या जागेवर. मग तू तक्ता काढ.

दुरुस्तीवाला: तो डबा आता जागचा हलवायचा नाही.

धाकटा: का? मीच आणला होता ना?

दुरुस्तीवाला: तेव्हा मागे सर्व्हर होता. आता त्या चार हजार माणसांची जगात एकच प्रत आहे, ती तुमच्या गाळ्यात आहे, तिला स्कूटरवर पुलावरून आणायची नाही. मी नवीन डिस्क घेऊन तिकडे येतो. आधी दुसरी प्रत करू, ती तपासू, मग काय ते हलवा. अडीच दिवस लागतील. यावेळी अडीच दिवस द्या.

ताई: तपासायचं म्हणजे कसं?

दुरुस्तीवाला: मेल वाचून नाही. उघडून बघायचं.

ताई: मग तुम्ही पन्नास पाय उघडून बघा. कुठलेही. आणि डावा म्हटला आहे तो डावाच आहे का, तेही.

दुरुस्तीवाला: बघतो. मी गाडीत सामान घेतो, साहेब, तुमच्यामागून येतो.

धाकटा: ताई, मग असं करू. तिकडून मी चिमणीचा तक्ता काढतो आणि तुला मेल करतो. अकरा मापं. तू तुझ्या लेटरहेडवर घाल, सही कर आणि पाठव. डॉक्टरांना काही कळणार नाही, चिमणीच्या आईला कळणार नाही. कुणालाच कळायचं कारण नाही.

ताई: आणि वर काय लिहू? यशस्वी?

धाकटा: तुझं नाव राहील, ताई. एवढ्या वर्षांचं आहे.

ताई: फेब्रुवारीत ती पोरगी माझ्या काचेवर उभी नव्हती. जूनमध्येही नव्हती. जे माप मी घेतलं नाही त्यावर मी सही करत नाही. ऑपरेशन आहे ते. डॉक्टरांनी उद्या विचारलं, फेब्रुवारीत टाच टेकत होती का, तर मी काय सांगू? तुला माहीत आहे का? टेकत होती?

धाकटा: टेकत होती. किंचित बाहेर झुकत होती. मी दोनदा पाहिलं.

ताई: परत पाहिलीस टाच.

धाकटा: हो.

ताई: मग तू सही कर. तुझ्या कागदावर. जा, तिकडे गेल्यावर आधी तोच तक्ता काढ, बाकीचं नंतर. डॉक्टरांना मी कळवते.

धाकटा: आणि आपलं?

ताई: आपलं काय?

धाकटा: मी संध्याकाळी येऊ का? बसून बोलू. बाबाही असतील.

ताई: बाबांशी मी आज बोलणार नाही, तुझ्याशीही नाही. गेल्या ऑगस्टपासून या जुलैपर्यंत इथे तीनशे दहा माणसं उभी राहिली, त्यांना फोन करायचेत. त्यात सव्वीस मुलं आहेत. त्यांचं काय गेलं ते त्यांच्या आयांना मलाच सांगावं लागेल. तू नीघ. जाताना ते कपाट उघडंच राहू दे.

धाकटा: ताई.

ताई: नीघ, उशीर होतोय पोरीला.

(ताई फोन लावते.)

ताई: नमस्कार. चिमणीच्या पायांच्या मापांसाठी डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, त्याबद्दल बोलतेय. हो, चारच्या आत मिळेल तक्ता. पण माझ्याकडून येणार नाही, दुसरीकडून येईल. पुलापलीकडे एक गाळा आहे, नंबर लिहून घ्या. … नाही, नाही, शाखा नाही. ते वेगळं दुकान आहे. … हो, भाऊच माझा. … मापं खात्रीची आहेत, त्याबद्दल शंका नको. त्याला हे काम मीच शिकवलंय. … एक मिनिट, एवढं डॉक्टरांच्या कानावर घाला. गेल्या ऑक्टोबरचं माप त्यात नसेल. ते माझ्याकडचं होतं.